आधी पाणी, मग वेस : खेळातल्या काल्पनिक शहरांचा आढावा

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचे, एकाने जग सांभाळायचे आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसे व्हायचे, असा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने बाजारात आणला. सुरुवातीचा सगळा भर तळघरांवर होता. शहर लागे ते तलवार घ्यायला, जखमा बऱ्या करायला आणि लुटीचा माल विकायला. 1976 मध्ये जजेस गिल्ड या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे आख्खे शहर छापले, गल्ल्या आणि दुकानांसकट. तेव्हापासून शहर हेच भुयार झाले. पुढे एड ग्रीनवुडचे वॉटरडीप आले, नव्वदच्या दशकात बांगडीसारख्या कड्याच्या आतल्या बाजूने वसलेले सिजिल आले, 2004 मध्ये कीथ बेकरच्या एबेरॉन विश्वातले शार्न आले. ही शहरे विकत मिळतात. प्रश्न आहे तो स्वतःचे जग घरी रचणाऱ्याचा : त्याने शहर कुठून सुरू करायचे?

जवळपास सगळे जण तटबंदीपासून सुरू करतात. एक वेडेवाकडे वर्तुळ, त्याला चार दरवाजे, मधोमध राजवाडा, एका कोपऱ्यात बंदर. मग घरे भरायची. हल्ली वताबू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरचे मोफत साधन बटण दाबताच असे शहर काढून देते, आणि ते दिसतेही देखणे. पण त्या शहरात पिण्याचे पाणी कुठून येते हे विचारले, तर नकाशा गप्प बसतो. तिथे माणसे का राहायला आली, हेही त्याला सांगता येत नाही.

या प्रश्नांची उत्तरे शोधायला यवतमाळ जिल्हा मला फार उपयोगी वाटतो. तो कल्पनारम्य आहे म्हणून नव्हे (‘खुनी’ नावाची नदी पांढरकवड्याजवळून वाहते, यापेक्षा जास्त नाट्य कोणाला हवे असेल तर त्याने ते स्वतः आणावे), तर इथे प्रत्येक गावाच्या असण्याला आणि नसण्याला ठळक कारण आहे म्हणून. उत्तर-पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, मधे पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा. उमरखेड, पुसद, वणी ही जुनी गावे कुठल्या ना कुठल्या पाण्याला धरून आहेत. आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र पठारावर, मोठ्या नदीपासून दूर. ब्रिटिश अमदानीत हा जिल्हा बराच काळ वणीच्या नावाने, म्हणजे ‘वून’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळचे नाव त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाले. प्रशासनाने उंचावरची हवा पाहून जागा निवडली की शहर वाढते, पण पाणी उचलून आणावे लागते. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर यवतमाळची तहान भागायची. 2018 च्या उन्हाळ्यात ती आटली, तेव्हा शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या.

खेळ चालवणाऱ्याने हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे. पाण्यावर वसलेले शहर आणि हुकमावर वसलेले शहर यांचे स्वभाव वेगळे असतात. पहिल्यात सत्ता घाट, विहीर आणि बारवेजवळ असते. दुसऱ्यात ती कचेरीत असते आणि टंचाईच्या साली कचेरीच्या हातून निसटते. कथा नेमकी त्या निसटण्यातून सुरू होते. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगराखालून नहर खोदून पाणी आणले. बुऱ्हाणपूरला त्याच सुमाराला मोगलांनी जमिनीखाली ओळीने कुंड्या खोदून कुंडी भंडारा केला. माणूस चालू शकेल असे बोगदे, वर ठरावीक अंतरावर उजेडाची भोके, आणि सगळे शहर त्यावर अवलंबून. गटारांतून शिरणारे चोर परदेशी खेळांत फार येतात. नहरीतून शिरणारा चोर त्यांच्यापेक्षा धोकादायक, कारण तो आख्ख्या शहराचे पाणी धरू शकतो.

पाण्यानंतर माती. वऱ्हाडातली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर ती तडकते. म्हणून शेती काळीत आणि वस्ती पांढरीवर ही विभागणी शेकडो वर्षे चालत आली. पांढरी थोडी उंच, मुरमाड किंवा जुन्याच वस्तीच्या ढासळलेल्या मातीची. म्हणजे गावाखाली गाव. त्याच पांढऱ्या मातीच्या गढ्या देशमुख-पाटलांनी उभारल्या : पायाशी काही हात रुंद भिंती, वर निमुळते होत गेलेले बुरूज, आत चौक. वतने गेली, गढ्यांवरचे लक्ष गेले आणि पावसाने वरून त्या उतरवायला घेतल्या. उरलेली माती लोकांनी घरे लिंपायला नेली. काल्पनिक जगातले अवशेष नेहमी दगडाचे आणि गूढ का असतात, हे मला कळलेले नाही. मातीचा अवशेष जास्त बोलका असतो. तो दरवर्षी थोडा लहान होतो, आणि त्याचा तुकडा शेजारच्या घराच्या भिंतीत सापडतो.

दगड हवाच असेल तर जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. यादवकाळातल्या, चुन्याशिवाय दगडात दगड बसवून उभारलेल्या हेमाडपंती देवळांचा. पूर्वेला वणीकडे मात्र खडक बदलतो. तिथे चुनखडी आणि कोळसा, राजूरला चुनाभट्ट्या. शिवाय सागाची जंगले. एकाच जिल्ह्यात पश्चिमेचे शहर काळे आणि कोरडे जुळवलेले, पूर्वेचे चुन्याने सांधलेले आणि धुराने काजळलेले, असा भेद निव्वळ भूगर्भातून काढता येतो. छपरांचेही तसेच. वऱ्हाडाच्या सपाट मुलखात लाकडी सरांवर माती दाबून केलेली धाब्याची घरे. जंगल आणि पाऊस वाढला की कवेलू. गरिबाची भिंत कुडाची, तुराट्या किंवा बांबू उभे करून शेणामातीने लिंपलेली. युरोपी नकाशांतली टोकदार उतरती छपरे बर्फ घसरून पडावे म्हणून असतात. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात त्यांचे काय काम? सपाट छप्पर खेळाला तर फारच सोयीचे. घराघरांची धाबी एकमेकांना लागलेली असली की रात्रीचा सगळा पाठलाग रस्त्याच्या वरून होतो. तिथेच लोक झोपलेले असतात, हे पळणाऱ्याने लक्षात ठेवायचे.

नक्कल न करता जग उभे करता येते, हे खुद्द या खेळाच्या इतिहासातच सिद्ध झालेले आहे. उर्दू आणि बलुची भाषांचे अभ्यासक एम. ए. आर. बार्कर यांचे ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ 1975 मध्ये, म्हणजे मूळ खेळानंतर वर्षभरात आले. त्यांच्या टेकुमेल विश्वात किल्लेदार सरदार आणि दारूचे गुत्ते नाहीत. दक्षिण आशिया आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींचे रंग घेतलेली, घराणी, पंथ आणि देवळांवर चालणारी शहरे आहेत. तो खेळ थोड्यांनीच खेळला, पण त्याचे नाव बराच काळ आदराने घेतले गेले.

आपल्याकडे या विषयावरचे लेखन नाही असे नाही. ते खेळासाठी लिहिलेले नाही एवढेच. महाभारतातली मयसभा ही इमारतच एक फसवा डाव आहे : जमीन समजून पाण्यात पडायचे, पाणी समजून वस्त्र सावरायचे, आणि त्या एका हसण्यातून पुढचे वैर वाढते. लाक्षागृहात तर बांधकामाचे साहित्य हाच कट आणि भुयार हीच सुटका. कौटिल्याचे अर्थशास्त्र दुर्गनिवेशाच्या प्रकरणात पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिण-उत्तर तीन राजमार्ग, बारा दरवाजे, मध्याच्या उत्तरेला राजवाडा, कोणत्या दिशेला कोणता धंदा, दहा कुटुंबांमागे एक विहीर, इथवर सांगते. त्यावरून एका बैठकीत नकाशा काढता येईल. मात्र तो मला थोडा निर्जीव वाटतो. आदर्श शहर राजाच्या नजरेने पाहिलेले असते, आणि खेळाडू तर चालत येतात.

चालत येणाऱ्याच्या नजरेने लिहिलेला ग्रंथ आपल्याकडे दुसरा आहे. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, राहिले, बसले त्या जागांची ही चौदाव्या शतकातली नोंदवही, वि. भि. कोलते यांनी ती संपादित करून अभ्यासकांपुढे आणली. देऊळ कोणत्या तोंडाचे, मढ कुठल्या बाजूला, नदीपासून कोणीकडे, कशाच्या पलीकडे काय, अशा तऱ्हेने ती गाव उभे करते. राजवाड्याशी तिला देणेघेणे नाही. पायाखालची वाट आणि नजरेसमोरचे दार यांच्याशी आहे. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने 1960 मध्ये मांडले की माणसाच्या मनातले शहर वाटा, कडा, भाग, गाठी आणि खुणा या पाच गोष्टींचे बनते. परदेशी खेळविश्वकार त्याचा दाखला देतात. आपल्या पोथीने तेच काम सिद्धांत न मांडता करून ठेवले आहे. टेबलावर शहर सांगायचे तर या पद्धतीने सांगावे : ‘उत्तरेच्या वेशीतून आत आलात, डाव्या हाताला पश्चिमाभिमुख देऊळ, त्याच्या मागे ओढा.’ खेळाडूंना तेवढ्याने दिशा कळते आणि नकाशा अर्धा कोरा ठेवता येतो.

तटबंदीवर माझा राग नाही. तिला गोष्ट असावी एवढेच. वणीहून वर्धा ओलांडली की चंद्रपूर. तिथला गोंड राजांचा परकोट सुमारे 11 किलोमीटरचा, चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान वाटा : चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. ही नावे ऐकली की शहर कसे वापरले जात होते ते डोळ्यांपुढे येते. प्रेत कुठून बाहेर जायचे तेही. आणि या कोटाच्या रेषेची दंतकथा अशी की खांडक्या बल्लाळशहाच्या शिकारी कुत्र्याचा एका सशाने उलटा पाठलाग केला, त्या धावेच्या मार्गावर तट बांधला. दरवाज्यांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. स्वतःच्या जगात तट काढणाऱ्याने निदान एक ससा शोधावा. नाहीतर त्या वर्तुळाला काही अर्थ नाही. आज हा कोट रहदारीत अडकला आहे. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यावरची झाडेझुडपे आणि कचरा काढायला घेतला म्हणून त्याचे बरेच भाग पुन्हा दिसू लागले. तटाच्या आत वाढलेल्या शहराला तट कधीतरी नकोसा होतो, हेही नकाशात यायला हवे.

सगळी शहरे तटातूनच जन्मत नाहीत. बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास नागपूर वसवले ते ‘राजापूर बारसा’ या नावाच्या बारा वस्त्या रस्त्यांनी जोडून. पुण्याच्या पेठा शेटे-महाजनांना कौल देऊन, काही वर्षे कर माफ करून वसवल्या गेल्या. म्हणजे शहर वाढते ते कोणीतरी कोणालातरी काही सवलत दिल्यामुळे. सवलत संपली की काय होते, हा खेळाचा एक आख्खा हंगाम होऊ शकतो.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वास्तूचा नाही, भेटीचा आहे. परदेशी खेळात अनोळखी माणसे दारूच्या गुत्त्यात भेटतात. कोपऱ्यातल्या टेबलावर बुरखाधारी म्हातारा, आणि मोहीम सुरू. मराठी मुलुखातल्या जुन्या शहरात ही जागा कुठली? पार आहे, पण पारावर कोण बसणार हे ठरलेले. पाणवठा आहे, तिथे तर वाटण्या आणखी कडक. चावडी पाटलाची. परक्या प्रवाशाला पहिला प्रश्न जातीचा विचारला जाई, आणि उत्तरावर तो ओसरीत झोपणार की गावकुसाबाहेर हे ठरे. महारवाडा वेशीबाहेर, विहीर वेगळी. अर्थशास्त्रातही चांडाळांची जागा स्मशानाजवळ आहेच. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते एका सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क बजावण्यासाठीच.

हे शहरात आणायचे की नाही? काही जण म्हणतात, खेळ आहे, सोडून द्या. सोडता येईल, समजून-उमजून सोडले तर. पण ‘बुटक्यांची आळी’, ‘गॉब्लिनांची वस्ती तटाबाहेर’ असे सजावटीसारखे रेखाटणाऱ्याला आपण काय काढतो आहोत हे कळलेले नसते. तसेच जंगलातले लोक म्हणजे राक्षस ही परदेशी सवय. ज्या जिल्ह्यात कोलामांची पोडे आणि गोंडांची गावे आहेत, तिथल्या माणसाने तरी ती उचलू नये. माझे मत असे की वेस आणि विहीर नकाशात ठेवावी, आणि त्या ओलांडणे हा खेळाचा भाग करावा. भेटीच्या जागाही मग सापडतात. मठ, दर्गा, धर्मशाळा, आणि सर्वांत मोठी म्हणजे आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी गाव फुगते, अनोळखी चेहरे खपून जातात, संध्याकाळी परत ओसरते. वणीला रंगनाथस्वामींची, केळापूरला जगदंबेची यात्रा भरते, तेव्हा तर काही दिवसांचे वेगळेच शहर उभे राहते. ज्याला गुपचूप शिरायचे आहे त्याने तो दिवस धरावा.

लोकसंख्येचे कोष्टक हा घरगुती जगकर्त्यांचा आवडता विषय. नव्वदच्या दशकात एस. जॉन रॉस यांनी मध्ययुगीन युरोपावरून एक यादी केली. दीडशे माणसांमागे एक चांभार, साडेतीनशेंमागे एक न्हावी वगैरे. ती अजून चालते. आपल्याकडे बारा बलुते होतेच, पण त्यात आकड्यापेक्षा नाते महत्त्वाचे : सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव, जोशी हे गिऱ्हाईक शोधत नाहीत, गावाच्या पिकातून त्यांचा वाटा ठरलेला. तलवारीला धार लावून पैसे पुढे करणाऱ्या खेळाडूला इथला लोहार विचारेल, ‘तुम्ही कोणत्या गावचे?’ शहरात पेठ आली की हे बदलते. त्या बदलाच्या उंबरठ्यावर असलेले गाव खेळायला सर्वांत मजेचे.

आतल्या इमारतींबद्दल थोडक्यात. वाड्याचा मोठा दरवाजा सहसा बंद, त्यात दिंडी दरवाजा. वाकून, डोके आधी आत घालावे लागते. आतला पहारेकरी त्याचीच वाट पाहत असतो. मग देवडी, चौक, सोपा, माजघर. बाहेरचा माणूस किती आत जाऊ शकतो हे त्याच्या नात्यावर ठरते, म्हणून वाडा हा आपोआप पायऱ्यापायऱ्यांचा अडथळा. प्रत्येक वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार जाते अशी अफवा असते. बहुतेकदा तिथे धान्याचे पेव निघते. पण पेव भुयारापेक्षा भयंकर. ज्वारीने भरलेला, तोंड लिंपलेला खड्डा उघडला की आतली कोंडलेली हवा माणूस मारते. आधी तोंड मोकळे ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर उतरायचे नाही. राक्षस नाही, मंत्र नाही, आणि तरी खेळाडू घाबरतील. कळंबचे चिंतामणी गणेशाचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जायचे. ठरावीक वर्षांनी पाणी चढून मूर्तीच्या पायांना लागते अशी श्रद्धा. वर शिखर दाखवणाऱ्या देवळांपेक्षा हे उलटे देऊळ काल्पनिक शहराला शोभेल.

फिरत्या शहरांचा उल्लेख राहून जाऊ नये. पुसद-दिग्रस भागात बंजारा तांडे मोठ्या संख्येने आहेत; त्याच समाजातले माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. एके काळी हे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर चालत, फौजांना रसद पुरवत. नायक, ठरलेला क्रम, ठरलेल्या मुक्कामाच्या जागा, म्हणजे तटाऐवजी शिस्त. औरंगजेबाची दख्खनमधली छावणीही बाजार, कचेऱ्या आणि तंबूंचे चालते शहरच होती. रस्ता हेच ज्याचे ठिकाण आहे असे शहर काढायला कागद कमी लागतो. त्यासाठी मुक्कामांची यादी पुरते.

राहिला जादूचा मुद्दा. उडता येत असेल तर तट कशाला? पाणी मंत्राने निघत असेल तर निळोणा कशाला? शार्नचे मनोरे आकाशात जातात, कारण तिथे दुसऱ्या लोकाचा प्रभाव वास्तूला आधार देतो असे बेकरने स्पष्ट सांगितले आहे, आणि त्या आधाराची किंमतही कथेत येते. जादूला असा हिशेब हवा. वऱ्हाडाला हा हिशेब कापसाने शिकवला. बाहेरच्या जगाला कापूस हवा झाला आणि बाजारगावांत सरकी काढणाऱ्या जिनांचे आणि गठाणी बांधणाऱ्या प्रेसांचे मोठे आवार, पत्र्याची छपरे, धुराडी आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अरुंद रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने कापूस मुख्य मार्गावर नेण्यासाठी टाकली. 1994 पर्यंत ती वाफेवर चालली. एका वस्तूच्या मागणीने गावाचे तोंडच बदलले : वेशीकडचे गाव स्टेशनकडे वळले. आपल्या जगात कापसाच्या जागी मंत्रभारित धातू ठेवा, प्रश्न तेच राहतात. तो कोण खणतो, कुठे साठतो, कोणाच्या गाडीतून जातो, आणि भाव पडला की कोणती आळी आधी रिकामी होते.

इतके ठरले की काढायला फार उरत नाही. पाण्याची एक रेषा, पांढरीचा उंचवटा, दोन वेशी आणि एक खिडकी, बाजाराचे मैदान आणि त्याचा वार, एक गढी, एक पेव. पहिल्या बैठकीला एवढे पुरते. बाकीच्या गल्ल्या खेळाडू पळू लागले की काढाव्यात.